शिट्टी आणि मौन : बास्केटबॉलचे पंच फाउल कसा ठरवतात

या मालिकेत आपण 'निर्णय' या विषयाभोवती फिरत आहोत. आज थोडं मैदानावर जाऊ. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बास्केटबॉलवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण निर्णयाचा अभ्यास करायचा असेल तर मैदानासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. कोर्टातला न्यायाधीश निकाल राखून ठेवू शकतो, पुढची तारीख देऊ शकतो. बास्केटबॉलच्या पंचाला जेमतेम एक सेकंद मिळतो, आणि समोर वीस हजार माणसं ओरडत असतात.

सुरुवात दोन सामन्यांपासून करू. दोन्ही अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतले, दोन्हींत शिकागो बुल्सचा संघ, आणि योगायोग असा की दोन्हींचा निकाल एकच आहे : ८७-८६.

पहिला सामना मे १९९४ मधला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. शिकागो एका गुणाने पुढे, ८६-८५. शेवटचे काही सेकंद. न्यूयॉर्कच्या ह्यूबर्ट डेव्हिसने लांबून चेंडू फेकला. स्कॉटी पिपेन त्याच्यावर धावून गेला होता. चेंडू हातातून सुटला, नेम चुकला, आणि त्याच वेळी शिट्टी वाजली. पंच ह्यू हॉलिन्स यांनी पिपेनवर फाउल दिला. घड्याळात २.१ सेकंद उरले होते. डेव्हिसने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि न्यूयॉर्क जिंकलं.

दुसरा सामना १४ जून १९९८ चा, सॉल्ट लेक सिटीमध्ये. अंतिम मालिकेतला सहावा सामना. या वेळी शिकागो एका गुणाने मागे. मायकेल जॉर्डन चेंडू घेऊन उजवीकडे निघाला, एकदम थांबला. त्याच्यासमोरचा ब्रायन रसेल तोल जाऊन घसरला. जॉर्डनने शांतपणे उडी मारून चेंडू टाकला. ५.२ सेकंद बाकी, शिकागो ८७, युटा ८६. हे छायाचित्र जगभर गेलं. पण चित्रफीत नीट पाहिली तर जॉर्डनचा डावा हात रसेलच्या कमरेपाशी टेकलेला दिसतो. त्याने ढकललं का? शिट्टी वाजली नाही.

एकदा शिट्टी वाजली आणि शिकागो हरलं. एकदा शिट्टी वाजली नाही आणि शिकागो जिंकलं. पहिल्या निर्णयावर लोक संतापले, दुसऱ्याचं शिल्प झालं म्हणायला हरकत नाही. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढंच तपासायचं आहे : वाजलेल्या शिट्टीला आपण निर्णय म्हणतो, मग न वाजलेल्या शिट्टीला काय म्हणायचं? त्यासाठी थोडं मागे, म्हणजे अगदी मुळाशी जावं लागेल.

डिसेंबर १८९१. मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.ची प्रशिक्षण शाळा होती. तिथे जेम्स नेस्मिथ नावाचे मूळचे कॅनडाचे एक तरुण शिक्षक होते. शारीरिक शिक्षण आणि धर्मशास्त्र, दोन्हींचं शिक्षण घेतलेले. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळेत कंटाळलेले अठरा विद्यार्थी. वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी सांगितलं, यांच्यासाठी घरात खेळता येईल असा खेळ शोधा.

आता नेस्मिथ यांनी विचार कसा केला ते बघा. रग्बीसारख्या खेळात माणसं एकमेकांना पाडतात, का? तर चेंडू घेतलेला माणूस पळतो आणि त्याला थांबवावं लागतं. मग चेंडू घेऊन पळायलाच बंदी केली तर? पाडण्याचं कारणच संपलं. आणि गोल समोर असेल तर चेंडू जोरात मारला जातो, म्हणून तो डोक्याच्या वर, दहा फुटांवर टांगला. तिथे जोर चालत नाही, चेंडू अलगद टाकावा लागतो. म्हणजे हा खेळ जन्मला तोच मुळी धक्काबुक्की टाळण्यासाठी. फाउल हा बास्केटबॉलमधला उपविषय नाही, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच खेळ तयार झाला.

नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. जानेवारी १८९२ मध्ये ते छापून आले. पाचवा नियम आपल्या कामाचा आहे. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय आडवा घालणं, मारणं, यातलं काहीही चालणार नाही. पहिल्यांदा केलं तर फाउल. दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि इजा करण्याचा हेतू उघड दिसला तर संपूर्ण सामन्यातून बाहेर, बदली खेळाडूही मिळणार नाही. एका लहानशा नियमात दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत, हे लक्षात घ्या. एक कसोटी कृतीची : ढकललं की नाही. दुसरी हेतूची : मनात काय होतं. पहिली डोळ्यांनी ठरते असं वाटतं. दुसरी डोळ्यांनी ठरत नाही.

आणखी एक गंमत. नेस्मिथ यांनी दोन अधिकारी नेमले. अंपायर हा माणसांचा न्यायाधीश, त्याने फाउल मोजायचे. रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश, चेंडू आत की बाहेर, कोणाचा, वेळ किती झाली हे त्याने पाहायचं. आम्हाला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. चेंडूविषयीचा प्रश्न बहुधा वस्तुस्थितीचा असतो. रेषेला लागला की नाही? माणसांविषयीचा प्रश्न तसा नसतो. आज ती विभागणी राहिली नाही. एनबीएच्या सामन्यात तीन पंच असतात आणि तिघेही दोन्ही कामं करतात. पण क्रू चीफ, रेफरी आणि अंपायर अशी तिघांची नावं आजही आहेत. नावं उरली, वाटणी गेली.

मग पुढे काय झालं? नेस्मिथ यांनी पळायला बंदी केली होती, पण खेळाडू हुशार. चेंडू जमिनीवर आपटत आपटत पुढे जायची युक्ती निघाली. हा ड्रिबल मूळ तेरा नियमांत नव्हता. काही वर्षांतच तो रुळला आणि पळणारा माणूस परत आला. पळणारा आला म्हणजे अडवणारा आला, आणि दोघांची टक्कर आली. जी गोष्ट टाळायची म्हणून खेळ काढला, ती मागच्या दाराने आत आली. इतकी, की सुरुवातीच्या काळात काही व्यावसायिक सामने कोर्टाभोवती तारेची जाळी लावून, पिंजऱ्यात खेळले जात.

म्हणजे संपर्क अटळ झाला. आज आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिबाचे नियम हे स्पष्टच मान्य करतात की मर्यादित जागेत दहा खेळाडू वेगाने हलत असताना अंगाला अंग लागणं टाळता येत नाही. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागा, त्यात दहा धिप्पाड माणसं. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवायची म्हटली तर सामना संध्याकाळी सुरू होऊन सकाळी संपेल.

इथे एका माणसाचं नाव घ्यायला हवं. ऑस्वाल्ड टॉवर. चाळीसहून अधिक वर्षं ते अमेरिकेतल्या बास्केटबॉल नियमांचे संपादक होते. खेळाडूंना ते नाव ठाऊक नसतं, पंचांना मात्र 'टॉवर तत्त्व' शिकवलं जातं. जॉन बन या प्रशिक्षकाने ते लिहून ठेवलं. त्याचा आशय असा : नियम शब्दशः लावायचे नसतात. कृतीचा प्रतिस्पर्ध्यावर काय परिणाम झाला ते बघा. त्याचं अन्यायाने नुकसान झालं असेल तर शिक्षा करा. खेळावर काहीच परिणाम झाला नसेल तर खेळ थांबवू नका.

नेस्मिथ यांच्या दोन कसोट्या होत्या, कृती आणि हेतू. टॉवर यांनी तिसरी आणली : परिणाम. आणि आजचा पंच नाजूक क्षणी निर्णय घेतो तो मुख्यतः या तिसऱ्या कसोटीवर. फिबाच्या नियमांतही पंचांना सांगितलेलं आहे की नियमांचा हेतू बघा, फायदा-तोटा सातत्याने तोला, व्यवहारज्ञान वापरा, आणि सामन्यावर ताबा ठेवताना खेळाचा प्रवाहही राखा. कायद्याच्या पुस्तकात 'व्यवहारज्ञान वापरा' असं लिहिलेलं आम्ही फारसं कुठे पाहिलेलं नाही!

आता प्रत्यक्षात हे कसं होतं ते पाहू. पंचाच्या डोक्यात तीन प्रश्न असतात.

पहिला, संपर्क झाला का? हा सोपा वाटतो, पण नाही. दोन खेळाडू एकामागे एक उभे असतील तर मागून काहीच कळत नाही. म्हणून पंचाला शिकवतात की चेंडूच्या मागे धावू नका, दोघांच्या मधली फट दिसेल अशी जागा घ्या. एनबीएने १९८८-८९ पासून कायमचा तिसरा पंच आणला. आणखी एक शिकवण अशी की चेंडूवाल्याकडे नाही, अडवणाऱ्याकडे बघा. प्रेक्षक चेंडू पाहतो, पंच अडवणारा पाहतो. दोघांचं भांडण होतं ते अनेकदा एवढ्याच कारणाने. दोघांनी वेगवेगळा सामना पाहिलेला असतो.

दुसरा प्रश्न, जागा कोणाची? फिबाच्या नियमांत प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक नळकांडं आहे. पुढून हाताच्या तळव्यांपर्यंत, मागून पार्श्वभागापर्यंत, बाजूंनी हातापायांच्या कडेपर्यंत. त्या नळकांड्यात तो हक्काने उभा राहू शकतो आणि सरळ वर उडीही मारू शकतो. वर उडालेल्या माणसावर कोणी येऊन आदळलं तर दोष आदळणाऱ्याचा. तो पुढे झुकला, तर दोष त्याचा. हल्ला करणारा आणि अडवणारा यांची टक्कर झाली की फाउल ब्लॉकचा की चार्जचा, म्हणजे अडवणाऱ्याचा की धडकणाऱ्याचा, हा खेळातला सर्वांत अवघड प्रश्न. पुष्कळांची समजूत अशी की अडवणारा पुतळ्यासारखा स्थिर हवा. तसं नाही. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, समोर तोंड करून त्याने एकदा जागा घेतली की तो मागे सरकू शकतो, बाजूला सरकू शकतो. प्रश्न एवढाच की समोरचा हवेत जाण्याआधी त्याने जागा घेतली होती का? हा 'आधी' म्हणजे किती? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

इतकं अवघड होतं म्हणून एनबीएने १९९७-९८ मध्ये बास्केटखाली चार फुटांची अर्धवर्तुळाकार रेषा आखली. त्या रेषेच्या आत उभं राहून सहसा चार्ज मिळवता येत नाही. फिबाने २०१० मध्ये १.२५ मीटरची तशीच रेषा घेतली. ही युक्ती कायद्यातही दिसते. निर्णय फार कठीण झाला की आपण त्याचा एखादा तुकडा चुन्याच्या रेषेवर सोपवतो. माणसांच्या न्यायाधीशाचं थोडं काम चेंडूच्या न्यायाधीशाकडे दिलं, असं म्हणा ना.

तिसरा प्रश्न, परिणाम काय झाला? इथे पंच चार गोष्टी बघतात : लय, वेग, तोल आणि चपळाई. चेंडू घेऊन जाणाऱ्याच्या कमरेला हात लागला. त्याची लय तुटली का? वेग कमी झाला का? तोल गेला का? नाही? मग चालू द्या. म्हणूनच चांगल्या पंचाची शिट्टी किंचित उशिरा वाजते. त्याला झोप लागलेली नसते, तो परिणाम पाहत असतो.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही न्यायदर्शनातला एक भेद शिकवत असू. निर्विकल्पक प्रत्यक्ष आणि सविकल्पक प्रत्यक्ष. पहिल्यात नुसतं 'काहीतरी' दिसतं, दुसऱ्यात 'हे अमुक आहे' असं दिसतं. हाताला हात लागला हे दिसतं. 'हा फाउल आहे' हे मात्र नुसतं दिसत नाही, त्यात जागेचा हक्क आणि नुकसानीचा अंदाज मिसळलेला असतो. म्हणून 'आंधळा आहे का पंच!' ही आरोळी बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी पडते. पंचाला दिसलेलं असतं. त्याने तोललेलं असतं ते आपल्याला पटलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, ही परिणामाची कसोटी छान आहे. पण तिच्यात एक खोट आहे. धक्का दोघांना सारखाच बसला. एक काडीपैलवान, तो पडला. दुसरा शॅकिल ओनीलसारखा पहाड, तो हललाही नाही. परिणामावर बोट ठेवलं तर पहिल्याला फ्री थ्रो मिळतात, दुसऱ्याला काहीच नाही. म्हणजे बलवानाने आपल्या बळाची शिक्षा भोगायची? आणि उलट बाजूने, जो नाटक करून पडतो त्याला बक्षीस? शब्दशः नियम लावावा तर खेळ मरतो, परिणाम पाहावा तर समानता ढळते. यातून सुटका नाही. नियमकर्ते अधूनमधून लंबक एका बाजूला ओढतात. २००४-०५ च्या मोसमात एनबीएने बचावपटूने हाताने रोखण्याविरुद्ध कडक धोरण घेतलं. काल जो स्पर्श किरकोळ होता तो आज फाउल झाला. पंचांची नजर बदलली नव्हती, तागडीतलं वजन बदललं होतं.

मग कोणी म्हणेल, शेवटी पंच म्हणेल तो फाउल, एवढंच खरं. ऑक्सफर्डचे कायदेतज्ज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या १९६१ च्या ग्रंथात नेमका हाच मुद्दा खेळाच्या उदाहरणाने घेतला आहे. ते सांगतात की गुण देणाऱ्याचा निर्णय अंतिम असतो, पण म्हणून तो अचूक असतो असं नाही. त्याची मर्जी हाच नियम झाला तर तो खेळ वेगळाच होईल. पंचाने चूक केली, असं आपण म्हणू शकतो, याचाच अर्थ पंचाच्या पलीकडे नियम आहे. अंतिम असणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ते दोन सामने पुन्हा घेऊ.

१९९४. पिपेनचा हात डेव्हिसला लागला. हॉलिन्स यांनी संपर्क झाल्याचं सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. शब्दशः नियमाने बघा : चेंडू टाकणाऱ्याला तो जमिनीवर परतेपर्यंत संरक्षण असतं. म्हणजे फाउल. टॉवर यांच्या कसोटीने बघा : चेंडू हातातून गेलेला होता, नेम बिघडायचा तो आधीच बिघडला होता. म्हणजे किरकोळ. त्या सामन्यात असलेले दुसरे पंच आणि एनबीएच्या पंचांचे प्रमुख डॅरेल गॅरेटसन यांनी काही महिन्यांनी तो निर्णय वाईट होता असं उघड म्हटलं.

१९९८. जॉर्डनचा हात रसेलला लागला. शब्दशः नियमाने ढकलणं हा फाउल. टॉवर यांच्या कसोटीने प्रश्न कार्यकारणाचा होतो : रसेल हाताच्या धक्क्याने घसरला, की स्वतःच्याच वेगाने घसरत असताना हात फक्त टेकला? ज्यांनी शंभरदा चित्रफीत पाहिली तेही आज एकमत नाहीत.

दोन्ही ठिकाणी संपर्क होता, दोन्ही ठिकाणी परिणाम वादग्रस्त होता. मग लोकांच्या मनात दोहोंचं स्थान इतकं वेगळं का? जॉर्डन हा जॉर्डन होता, हे एक कारण आहेच. पण आम्हाला वाटतं मुख्य कारण असं की शिट्टी वाजवणं ही कृती वाटते आणि न वाजवणं ही कृती वाटत नाही. 'पंचाने सामना ठरवला' असं आपण १९९४ बद्दल म्हणतो. १९९८ बद्दल म्हणतो, 'पंचाने खेळाडूंना ठरवू दिलं.'

पंचांनाही तसंच वाटतं. टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ च्या 'स्कोअरकास्टिंग' या पुस्तकात निरनिराळ्या खेळांची आकडेवारी तपासून दाखवलं की चुरशीच्या सामन्याच्या शेवटी ज्या निर्णयांना पंचाचा अंदाज लागतो, तसे निर्णय कमी दिले जातात. पंच शिट्टी गिळतात, असं इंग्रजीत म्हणतात. नियमपुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही की शेवटच्या मिनिटात फाउलची व्याख्या बदलते. तरी ती बदलते. आणि तिचा फायदा कोणाला? मौनाचा फायदा नेहमी ढकलणाऱ्याला होतो. ज्याला धक्का बसला त्याला होत नाही.

पंच माणूस आहे याचा दुसरा पुरावा अधिक अस्वस्थ करणारा आहे. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ ते २००४ पर्यंतच्या एनबीए सामन्यांचा अभ्यास केला. पंच आणि खेळाडू एकाच वंशाचे असले तर खेळाडूवर फाउल किंचित कमी, जास्तीत जास्त चार टक्क्यांनी कमी लागत होते. २००७ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं. एनबीएने ते नाकारलं. पण पुढचा भाग महत्त्वाचा. त्यानंतरच्या वर्षांचा अभ्यास केला तेव्हा हा कल नाहीसा झालेला दिसला. लक्षात घ्या, हे पंच मुद्दाम अन्याय करणारे नव्हते. त्याच २००७ साली टिम डोनागी नावाच्या पंचाने सट्टेबाजीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला, तो वेगळा विषय. तो लबाडीचा विषय. इथे प्रामाणिक माणसाच्या तागडीतली सूक्ष्म खोट होती, आणि ती दाखवून दिल्यावर कमी झाली. आम्हाला यात निराशेपेक्षा आशा जास्त दिसते.

मग कॅमेऱ्यावर का सोपवू नये? सोपवलं. एनबीएने २००२-०३ पासून रीप्ले आणला, तो आधी वेळ संपताना टाकलेल्या चेंडूंसाठी. वेळ संपण्याआधी चेंडू हातातून सुटला का, हा प्रश्न चेंडूच्या न्यायाधीशाचा. तिथे कॅमेरा निर्विवाद जिंकला. २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय तपासून अहवाल जाहीर होतो. २०१९ मध्ये प्रशिक्षकाला फाउलच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय मिळाली.

इथे दोन अडचणी आल्या. एक, संथ गतीत संपर्क स्पष्ट दिसतो, पण परिणाम दिसत नाही. लय आणि वेग या गोष्टी संथ करून कशा पाहणार? शिवाय संथ गती हेतूबद्दल फसवते. यूजीन कारुसो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तेच दृश्य संथ गतीत दाखवलं तर पाहणाऱ्यांना कृती अधिक मुद्दाम केल्यासारखी वाटते. करणाऱ्याला विचार करायला जास्त वेळ होता, असा भास होतो. नेस्मिथ यांचा 'उघड हेतू' कॅमेऱ्याने उघड होत नाही, कधीकधी तो कॅमेराच तयार करतो.

दुसरी अडचण आमच्या आजच्या विषयाची. आव्हान द्यायचं ते वाजलेल्या शिट्टीला. न वाजलेल्या शिट्टीला कोण आणि कसं आव्हान देणार? २०२४-२५ मध्ये एक छोटी वाट काढली : चेंडू बाहेर कोणामुळे गेला याला आव्हान दिलं आणि तपासताना त्याच्याशी जोडलेला सुटलेला फाउल दिसला, तर तो देता येतो. पण दोन मिनिटांच्या त्या अहवालात मात्र चार रकाने असतात : बरोबर दिलेला निर्णय, चुकीचा दिलेला निर्णय, बरोबर न दिलेला आणि चुकीने न दिलेला. त्या अहवालाने निकाल बदलत नाही म्हणून लोक त्याला हसतात. आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. न वाजलेली शिट्टी हाही निर्णय आहे, तोही बरोबर किंवा चूक असतो, हे तिथे कागदावर आलं.

शेवटी एक कबुली. हा खेळ वाय.एम.सी.ए.मार्फतच भारतात आला. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वाय.एम.सी.ए.च्या कोर्टावर तो आजही जीव ओतून खेळला जातो. तिथे आम्ही तरुणपणी सामने पाहायला जात असू, तेवढ्या भांडवलावर कॉलेजात आमचं नाव जिमखाना समितीत घातलं गेलं. साधारण चाळीस वर्षांपूर्वी आंतरवर्गीय सामन्याला एक पंच आलेच नाहीत, आणि दुसरी शिट्टी आमच्या गळ्यात पडली.

शेवटचे काही सेकंद. एका गुणाचा फरक. मागे असलेल्या संघाचा एक बारीकसा मुलगा बास्केटकडे झेपावला आणि त्याच्या कमरेला धक्का बसला. आम्ही अगदी जवळ होतो. धक्का दिसला, त्याचा तोल गेलेला दिसला. शिट्टी ओठांत होती. वाजवली नाही. सामना संपला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. चिडलेला नव्हता. म्हणाला, "सर, पहिल्या पाच मिनिटांत असाच धक्का लागला तेव्हा तुम्ही शिट्टी वाजवली होती."

आम्ही म्हटलं, "हो रे, पण शेवटच्या क्षणी पंचाने मध्ये पडू नये. खेळाडूंनी ठरवावं."

तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण सर, तुम्ही मध्ये पडलातच की."

त्यावर आम्ही काहीतरी बोललो. काय ते आता आठवत नाही, म्हणजे सांगण्यासारखं नव्हतंच. आज तो मुलगा समोर असता तर आम्ही सांगितलं असतं की बाबा, तुझं बरोबर होतं. त्या क्षणी आम्ही तटस्थ नव्हतो. आम्हाला दोष येऊ नये म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि त्याची किंमत तू दिलीस.

पुढच्या वेळी चुरशीचा सामना बघाल तेव्हा शिट्टी वाजली की पंचाकडे बघताच. एकदा ती वाजली नाही तेव्हाही बघा.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.